आखातातून आलेली गाणी

पहिलं गाणं आलं तेव्हा मी ऑफिसात होते. बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटकडे मी नोकरी करते. न्हावा शेवाला जो माल उतरतो त्याचे कस्टमचे कागद आम्ही तयार करतो. त्या दिवशी खजुराच्या एका व्यापाऱ्याचा सकाळपासून चौथा फोन आला होता. त्याचा कंटेनर आखातात अडकलेल्या एका बोटीवर होता, आणि ती कधी सुटणार हे जणू मला ठाऊकच आहे अशा आवाजात तो विचारत होता.

"शेठ, माझा नवराच अडकलाय तिकडे," मी शेवटी म्हणाले. "तो कधी येणार ते कळलं की तुमच्या खजुराचंही सांगते."

"सॉरी हां मॅडम," म्हणून त्याने फोन ठेवला. आणि ठेवला तोच माझ्या मोबाइलवर नवऱ्याचा मेसेज आला. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. वर-खाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

माझा नवरा मालवाहू बोटीवर चीफ कुक आहे. समोर असला की मी त्याला अहो-जाहो करते, पण त्याच्याबद्दल लिहायला बसलं की तो 'तो'च होतो, त्याला इलाज नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त तो पाण्यावर होता. आखातात लढाई पेटली तेव्हा त्याची बोट एका बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. आत जायची परवानगी नाही, बाहेर पडायची सोय नाही, आजूबाजूला तशाच आणखी कितीतरी बोटी. तीन आठवडे झाले होते. फोन कधी लागायचा, कधी चार-चार दिवस लागायचा नाही. मागच्या वेळी लागला तेव्हा तो म्हणाला होता, "संध्याकाळी मेसमध्ये गाणी म्हणतो आम्ही. फिलिपिनो लोकांनी कराओकेचं मशीन आणलंय. वेळ बरा जातो."

मी इअरफोन लावले. आधी भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसलं, मग ट्रॅक सुरू झाला. आमच्या कॉलेजच्या दिवसांत प्रत्येक वरातीत वाजायचं असं एक हिंदी गाणं. आणि मग तो गायला लागला.

आवाज चांगला होता. नुसता चांगला नाही, भरदार, थोडा नाकातून येणारा, आणि वरच्या सुरावर जाताना जराही न डगमगणारा. लोखंडी खोलीत म्हटल्यामुळे त्याला एक घुमारा आला होता. मी समोरचे कागद उलटे करून ठेवले आणि ते गाणं तीनदा ऐकलं. बावीस वर्षांत माझ्या नवऱ्याने गणपतीच्या आरतीपलीकडे काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आरतीतही तो टाळ्यांच्याच बाजूला असायचा.

यातली गंमत अशी की गाणं हा माझा प्रांत. नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण ट्रॅकवर गातो. बहुतेक सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. नवरा घरी असला की या रविवारांची यथेच्छ चेष्टा करायचा. "तयार सांबारात इडली बुडवायची आणि म्हणायचं मी स्वयंपाक केला," असं त्याचं कराओकेबद्दलचं मत. आणि आता तोच तिकडे, डोक्यावरून काय-काय जात असताना, असा गातोय?

मी लिहिलं, "किती छान!"

दुपारी त्याचं उत्तर आलं, "मस्त ना?"

एवढंच. मला ते फार आवडलं. त्याच्यासारख्या माणसाने स्वतःच्या गाण्याला 'मस्त ना' म्हणावं, यात मला लहान मुलासारखं काहीतरी दिसलं.

संध्याकाळी मुलीला ऐकवलं. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्धं ऐकून तिने एक इअरफोन काढला.

"हे बाबा आहेत?"

"मग कोण?"

"बाबांचा आवाज असा कुठेय? बाबा बारीक बोलतात."

"बोलण्याचा वेगळा, गाण्याचा वेगळा," मी म्हणाले. "आणि रेकॉर्डिंगमध्ये बदलतो."

तिला पटलेलं दिसलं नाही. म्हणून मी गावी सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर गाणं ऐकवलं. त्यांना कमी ऐकू येतं. पण ऐकून त्या रडायलाच लागल्या. "ह्याच्या बापाशीचा आवाज असाच होता गो," म्हणाल्या. "शिमग्यात नमन गायला उभा राहिला की पलीकडच्या वाडीत ऐकू जायचा." झालं. प्रश्न मिटला.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी गाणं यायचं. नेटवर्क मिळालं की एकदम तीन-चार. मला सकाळी ऑफिसला निघताना मिळायची. त्याच्या संध्याकाळची गाणी मी दुसऱ्या दिवशी कागदांवर शिक्के मारताना ऐकायची. एकात फिलिपिनो लोक कोरस धरायचे आणि शब्द भलतेच म्हणायचे. एकात मध्येच सगळे थांबले, बाहेर कसलातरी लांबचा आवाज झाला, कुणीतरी इंग्रजीत काही बोललं, आणि मग ट्रॅक पुढे निघून गेला होता तरी त्याने गाणं जिथे सोडलं होतं तिथूनच धरलं. ते रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही.

एक तर चक्क हळदीचं गाणं होतं, आपल्या इकडच्या आगरी लग्नांत वाजतं तसलं, ठेक्याचं. कोकणातल्या माझ्या नवऱ्याला हे कधी आलं, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडलाही, पण मी त्याला बसू दिलं नाही. बोटीवर कुठलाही माणूस काहीही शिकतो, असं मीच मला सांगितलं.

मी एकदा लिहिलं, "इतकी वर्षं लपवून का ठेवलंत?"

दोन दिवसांनी उत्तर आलं, "काय लपवलं? सगळं सांगतो. तू काळजी करशील म्हणून थोडं कमी सांगतो, एवढंच."

कमी सांगतो म्हणजे काय-काय सांगत नाही? मग गाण्याचा विषय बाजूलाच राहिला. मी विचारत राहिले, पाणी आहे का, धान्य किती दिवसांचं आहे, रात्री दिवे लावता का. तो तुकड्या-तुकड्याने उत्तरं देत राहिला. तांदूळ आहे. भाजी संपली. कांदे पुरवून वापरतोय. दिवे लावत नाही.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आम्हाला बोटी कुठे आहेत ते नकाशावर दिसतं. रोज सकाळी आधी मी त्याची बोट शोधायची. त्या दिवसांत तिकडे सिग्नल बिघडवून ठेवले होते, त्यामुळे नकाशा वेड्यासारखं करायचा. एक दिवस त्याची बोट वाळवंटाच्या मधोमध दिसली. दुसऱ्या दिवशी एका विमानतळाच्या धावपट्टीवर. आजूबाजूच्या बोटी गोल-गोल फिरताना दिसायच्या. आमचे साहेब म्हणायचे, "ते बघू नका, खोटं आहे ते." खोटं आहे हे मलाही कळत होतं. पण खरं काय ते दुसरं कुठे दिसत नव्हतं. खरी म्हणावी अशी माझ्याकडे एकच वस्तू होती, तो आवाज.

आणि मी हे लिहायला लाजते, पण लिहायचंच तर पूर्ण लिहावं. मी त्या आवाजाच्या प्रेमात पडले. नवऱ्याबद्दल मला माया होती, सवय होती, अधूनमधून राग होता. पण असं, जिन्यावर थांबून पुन्हा एकदा ऐकावं, स्वयंपाक करताना एकटीने हसावं, असं काही मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही झालं नव्हतं. मला वाटायचं, हा माणूस मला कळलाच नाही. परत आला की सगळं नव्याने सुरू करायचं.

रविवारच्या ग्रुपमध्ये तेव्हा वेगळाच वाद चालला होता. महिन्याचा जाहीर कार्यक्रम जवळ आला होता. आमचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, म्हणाले, "युद्धाचं वातावरण आहे. प्रेमगीतं नकोत. देशभक्तीपर ठेवू."

"पण काका, युद्ध आपलं नाहीये," एक जण म्हणाला.

"आपलं नसलं तरी युद्ध ते युद्ध."

"मग देश कुठला? कुणाच्या बाजूने गायचं?"

कुणी म्हणालं कार्यक्रमच रद्द करा, कुणी म्हणालं हॉलचं बुकिंग झालंय. एक बाई म्हणाल्या, सगळे त्या शिपायांच्या गाण्यांनी रडतील, मग जेवण कोण जेवणार. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सगळ्यांत माझंच माणूस तिकडे होतं. तुमचं काय म्हणणं?

माझं काहीच म्हणणं नव्हतं. मी म्हणाले, "तिकडे ते लोक काय गातात ते ऐकवू?" आणि मोबाइल स्पीकरला जोडून ते मध्येच थांबलेलं आणि पुन्हा धरलेलं गाणं लावलं.

साधं प्रेमगीत होतं. ते संपल्यावर टाळ्या वाजल्या. काकांनी चष्मा पुसला. "मिस्टर एवढे गातात, बोलला नाहीत कधी," असं प्रत्येकाने मला म्हटलं, आणि मी ते सगळं कौतुक पदर पसरून घेतलं. कुणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते कुणाकुणाच्या स्टेटसला लागलं. 'युद्धभूमीवरून एका नवी मुंबईकराचा आवाज.' मी अडवलं नाही.

बुधवारी दुपारी ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज.

"ताई, त्या गान्याचं इचारायचं व्हतं. त्यो आवाज तुमच्या मालकांचा हाय असं लिवलंय."

"हो. का?"

"त्यो माज्या मालकाचा हाय."

मला वाटलं रॉंग नंबर आहे. मग वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. ती बाई उलव्याची होती. तिचा नवरा त्याच बोटीवर फिटर. हे नाव मी ऐकलेलं होतं, नवऱ्याच्या बोलण्यात एक 'उलव्याचा फिटर' यायचा. उलव्याच्या आजूबाजूच्या गावांत हळदीच्या कार्यक्रमांना तो वर्षानुवर्षं गायचा, सुट्टीवर आला की बँडवाले त्याच्या तारखा आधी घ्यायचे. त्याच बँडमधल्या कुणीतरी स्टेटस ऐकून तिला पाठवलं होतं.

"आवाज सारखा असू शकतो," मी म्हणाले. माझा मलाच तो आवाज कोरडा वाटला.

"ताई, 'रात' म्हनताना त्ये जीभ लावतात, बघा. एक दात नाय त्यांना. वरचा."

मी फोन ठेवून ते गाणं पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्यात तो शब्द आहे. मी तो आधी पन्नास वेळा ऐकला असेल. जीभ लागत होती. माझ्या नवऱ्याचे सगळे दात शाबूत आहेत.

मी तशीच बसून राहिले. साहेबांनी दोनदा काहीतरी विचारलं, मी हो म्हणाले. कशाला हो म्हणाले ते आठवत नाही. राग यावा तर कुणाचा? त्याने कधी म्हटलं होतं की मी गातोय म्हणून? 'आम्ही' म्हणाला होता. 'मस्त ना' म्हणाला होता. बाकी सगळं मी एकटीने बांधलं होतं, सासूबाईंना साक्षीला घेऊन.

पण हे एवढ्यावर थांबलं नाही. मी त्या बाईला परत फोन लावला, माफी मागायला. म्हणाले, "वहिनी, माझी चूक झाली. तुमच्याच मिस्टरांचा आवाज आहे. माझ्याकडे अशी सोळा गाणी आहेत, सगळी पाठवते. तिकडे अडकलेत तरी किती धीराने गातात."

"तिकडं म्हंजी कुटं?"

"आखातात. बोट अडकलीये ना."

मग ती म्हणाली, "आमची बोट आफ्रिकेच्या खालून वळली हाय. मना त्यांनी सांगितलंय. फोन खराब झालाय, रेंज नाय, म्हनून महिनाभर बोलता येनार नाय."

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले. फिटरने काळजी नको म्हणून घरी आफ्रिका सांगितलं होतं. तिला रक्तदाबाचा त्रास आहे हे मला नंतर कळलं. स्टेटसवर 'युद्धभूमीवरून' लिहिलेलं तिने वाचलं होतं, पण लोक काहीही लिहितात असं तिने मनाला सांगितलं होतं. मी मात्र सरळ सांगून टाकलं.

ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी आली. माझ्याच वयाची, हातात हिरव्या बांगड्या, डोळे सुजलेले. मला वाटलं भांडेल. तिने चप्पल काढली, कोचाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "ऐकवा."

मी एकामागून एक सगळी लावली. तिने मोबाइल दोन्ही हातांत धरला होता. हळदीचं गाणं लागलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "ह्ये त्यांनीच जोडलेलं हाय," म्हणाली. "माज्या नंदेच्या हलदीला." मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाली नाही, ते तिचं मोठेपण.

सहा आठवड्यांनी त्या बाईला नवऱ्याचा आवाज मिळाला होता. आणि मला वाटत होतं, माझं कुणीतरी काहीतरी नेलंय. माझ्या समोर, माझ्याच कोचावर बसून. हे वाटणं किती खालच्या दर्जाचं आहे हे कळत असूनही ते जात नव्हतं. मी आत जाऊन चहा ठेवला आणि आल्याचा तुकडा कितीतरी वेळ किसत बसले.

शनिवारी नवऱ्याचा फोन लागला. मी काही विचारायच्या आत तोच ओरडला, "तू त्याच्या बायकोला काय सांगितलंस? तिने कंपनीला फोन केला. कंपनीने कॅप्टनला. फिटर माझ्याशी बोलत नाहीये."

"तुम्ही मला का नाही सांगितलं की तो गातोय?"

"म्हणजे?"

"मला वाटलं तुम्ही."

तो मोठ्याने हसला. खूप दिवसांनी हसतोय असा. "मी? अगं, मी? तुला बावीस वर्षांत..." आणि मग तो हसायचा थांबला. "तुला खरंच वाटलं मी?"

"हो."

"आणि म्हणून 'किती छान' लिहायचीस?"

फोन कट झाला. नेटवर्क गेलं की त्याने ठेवला, मला अजून ठाऊक नाही. मी त्याला कधी विचारलं नाही.

त्यानंतर नऊ दिवस काही नाही. ना फोन, ना मेसेज, ना गाणं. नकाशावर बोट आधी धावपट्टीवर होती, मग नकाशावरूनच गेली. उलव्याची वहिनी रोज सकाळी मला फोन करायची आणि मी रोज तेच सांगायची, नाही, अजून नाही. कंपनीचा माणूस म्हणायचा सगळे सुखरूप आहेत, पण तो हे ज्या घाईने म्हणायचा त्याने जास्तच भीती वाटायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, गानी तरी लावा फोनवर. माज्याकडं आलेली ऐकली, पन तुमच्याकडनं ऐकलं की बरं वाटतं." मग मी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन एका मोबाइलवर गाणं लावायची आणि दुसरा त्याला चिकटवून धरायची. खाली रस्त्यावरून ट्रेलर जायचे. मी तो आवाज ऐकायची आणि मला कळायचं नाही की मी आता कुणाची वाट बघत ऐकतेय. नवऱ्याची वाट बघत होते हे नक्की. पण कानात दुसऱ्याच माणसाचा आवाज होता, आणि तो अजूनही तितकाच आवडत होता.

दहाव्या दिवशी मेसेज आला, "बाहेर पडलो." खाली हात जोडल्याचं चित्र. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खजूरवाल्याला फोन करून सांगितलं की मार्ग मोकळा होतोय.

नवरा आणि फिटर तीन आठवड्यांनी एकाच विमानाने घरी आले. नवरा वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. पहिले काही दिवस आम्ही गाण्यांचा विषय काढला नाही. तो दुपारभर झोपायचा, उठला की स्वयंपाकघरात जाऊन भाज्या चिरत बसायचा, चार माणसांना लागतील त्याच्या चौपट. एक दिवस मी त्याच्या शेजारी बसून शेंगा सोलता-सोलता विचारलं.

"ती गाणी तुम्ही का पाठवत होता? काही न लिहिता?"

"काय लिहिणार?" तो म्हणाला. "तो गायला लागला की बाहेरचं ऐकू यायचं नाही. मी म्हटलं, तुलाही ऐकू दे. तुझाच विषय ना तो." मग जरा वेळाने म्हणाला, "माझ्याकडे दुसरं पाठवण्यासारखं काही नव्हतं."

मी शेंगा सोलत राहिले. त्याने माझ्यासाठी फोन वर धरला होता, रोज संध्याकाळी, हात अवघडेपर्यंत. ते कळल्यावर मला त्याच्याबद्दल भरून यायला हवं होतं, आणि आलंही. पण ते त्या आवाजाबद्दल जसं भरून यायचं तसं नव्हतं. ही दोन वेगळी होती, आणि ती एकमेकांत कशी मिसळायची ते मला येत नव्हतं.

त्याच महिन्यात फिटर आणि वहिनी आमच्याकडे जेवायला आले. तो बुटका, काळा, अबोल माणूस निघाला. वरचा दात खरंच नव्हता. मला त्याच्याकडे नीट बघवेना. नवऱ्याने सुरमई तळली होती. जेवणं झाल्यावर मुलगी सहज म्हणाली, "काका, एक गाणं म्हणा ना."

त्याने मान वर केली नाही. "आता नाय जमत."

"हलदीच्या चार तारखा सोडल्या यांनी," वहिनी म्हणाली. "बँडवाले घरी येऊन गेले. टीवीला गानं लागलं तरी बंद करतात."

"तिकडं म्हनायचो," तो म्हणाला, "तवा कान बाहेर असायचा. तोंड गानं म्हनायचं आन कान बाहेर. आता कुठलंबी गानं लागलं का कान तिकडं जातो."

नवऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग फिटर माझ्याकडे पाहून म्हणाला, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे, "वहिनी, ती तुमच्याकडची समदी पुसून टाका. मी हिच्या फोनमधली पुसली."

मी हो म्हणाले.

ती दोघं गेल्यावर मी मोबाइल हातात घेऊन बसले. पुसायला एक बोट पुरलं असतं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "गाणं त्याचं आहे. तो म्हणतोय तर पूस." पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाला, "पण पाठवली मी आहेत." आणि काहीच न ठरवता बाल्कनीत निघून गेला.

पुढच्या शनिवारी वहिनी एकटीच आली. येताना ताजी करंदी, बारीक कोळंबी, घेऊन आली होती. तिला पाहून नवऱ्याने चहा ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मी मुलीचे इअरफोन आणले, मोबाइल तिच्या हातात दिला. ती डोळे मिटून ऐकत राहिली, मी तिच्यासमोर करंदी निवडत बसले. तिने घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. अजूनही ती महिन्यातून एक-दोनदा येते. आपण हे बरं करतोय की त्या माणसाला फसवतोय, हे आम्ही दोघींनी एकमेकींना एकदा विचारून पाहिलं. तिने एक इअरफोन काढून माझ्या हातात दिला, आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.